न वापरलेले डोळे

रिसबूड सरांनी आयुष्यात दोन गोष्टी कधी वाया जाऊ दिल्या नाहीत: वीज आणि दुसऱ्याची चूक.

विजेचं म्हणाल तर तो घरचा संस्कार. घर सदाशिव पेठेत, आणि तिथे उजेड चहासारखा, लागेल तेवढाच घ्यायचा. संस्थेत विभागप्रमुख झाल्यावर सरांनी हा संस्कार पाट्यांवर उतरवला. जिन्यात पाटी, प्रयोगशाळेत पाटी, स्वच्छतागृहात तर दोन. ‘शेवटी जाणाऱ्याने दिवे व पंखे बंद करावेत. आपणच शेवटचे आहोत ना, हे मागे वळून पाहावे.’ खाली सही. या बाबतीत बोलण्यात पाटीहून एक शब्द जास्त नसे, आणि वागण्यात पाटीहून एक इंच फरक नसे. संध्याकाळी घरी जाताना ते स्वतः सगळ्या मजल्याची फेरी काढत आणि जिथे उजेड दिसेल तिथे बटण दाबत. ही त्यांची संध्या.

दुसऱ्याच्या चुकीचं म्हणाल तर तो हिशेब या वेळी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या बिलकिस अत्तारच्या नावावर निघाला होता.

मंगळवारी सकाळी तिने ती मेल उघडली तेव्हा ती कँटीनमध्ये उभी होती आणि हातात उपम्याची बशी होती. पहिल्या दोन ओळी वाचून तिने बशी खाली ठेवली. नसती ठेवली तर ती कुठे जाऊन आदळली असती, सांगता येत नाही. मेल तिला नव्हतीच. ती होती तिच्या पीएच.डी.च्या सल्लागार समितीला. तिला नुसती प्रत. ‘कु. अत्तार यांचे निष्कर्ष दुसऱ्या हातांनी केलेल्या प्रयोगात मिळालेले नाहीत. मूळ नोंदींच्या खरेपणाविषयी शंका घेण्यास जागा आहे. गुरुवारच्या बैठकीत विचार व्हावा. – वा. ग. रिसबूड.’

शंका सरांची, पण तिला जागा काढून दिली होती बिलकिसच्या नावात.

विज्ञानात माणूस मठ्ठ चालतो, आळशी चालतो, तुसडाही चालतो. खोटा चालत नाही. एकदा कुणाच्या नोंदींवर ‘शंका’ हा शब्द बसला की तो हळदीच्या डागासारखा. धुऊन फिका होतो, जात नाही. पुढे कुठेही अर्ज केला की कुणीतरी चहा पिताना म्हणणार, “अत्तार? पुण्याची ना? ते माशांचं काहीतरी झालं होतं बघा.” काय झालं होतं हे त्याला आठवणार नाही. झालं होतं एवढंच आठवेल. बिलकिसला नोकरीची भीती नव्हती, मार्गदर्शकाची नव्हती. भीती होती ती या वाक्याची.

तर ते ‘माशांचं काहीतरी’ काय होतं, ते आधी सांगायला हवं.

पिकल्या केळ्याभोवती चिलटाएवढी माशी घोंघावते, तिच्या डोळ्यात सात-आठशे इवली भिंगं असतात. प्रत्येक भिंगाखाली उजेड टिपणाऱ्या चेतापेशींची एक जुडी. उजेड टिपायचा, मेंदूला कळवायचं, पुन्हा टिपायचा. काम अखंड आणि भूक राक्षसी. पण स्वतःचं अन्न स्वतः तयार करण्याची त्यांची तयारी तोकडी. त्यांना धरून दाटीवाटीने बसलेल्या असतात आधारपेशी. अंगातल्या रसातून साखर उचलतात त्या या. ती अर्धी फोडून, पचेल असे बारीक तुकडे करून चेतापेशींच्या हवाली करतात. चेतापेशीने मेंदूला निरोप धाडला की निरोपाचं जे रसायन मागे सांडतं, तेही याच गोळा करतात आणि पुन्हा वापरता येईल असं करून परत देतात. पुस्तकात चित्र मात्र चेतापेशीचं, चांगलं फांद्याबिंद्या काढून. आधारपेशी म्हणजे मधली जागा, ती राखाडी रंगाने भरायची.

बिलकिसने त्या राखाडी जागेला हात घातला. तिने माशांची अशी जात तयार केली, की चेतापेशी ठणठणीत, फक्त आधारपेशींची साखर फोडण्याची सोय बंद. मग या माशांना रोज बारा तास उजेड आणि बारा तास अंधार दिला. काही आठवड्यांत चेतापेशी फुगल्या, झिजल्या, मरून गेल्या. ज्यांना कुणी बोट लावलं नव्हतं, त्या मेल्या. बिघाड केला होता तो त्यांच्या शेजारणींत.

हे झालं तेव्हा रिसबूड सर पाहुणे प्राध्यापक म्हणून परदेशी होते. परत आल्यावर त्यांनी चित्रं पाहिली, खूश झाले आणि ‘आमच्या प्रयोगशाळेतलं काम’ म्हणून तीन शहरांत व्याख्यानं देऊन आले. व्याख्यानात एक हमखास टाळीचं वाक्य: “आधारपेशी म्हणजे आपली गृहिणी. बाजारातून साखर आणते, रांधते, वाढते, आणि फोटोत नसते.” टाळ्या पडत. मागच्या रांगेत बिलकिसची कानशिलं तापत. एकदा तिने बाहेर येऊन सांगितलंही, “सर, ती गृहिणी नाही आणि तो नवरा नाही. दोन पेशी आहेत. मागणी आली की देवाणघेवाण होते, एवढंच.”

“अत्तारबाई, आपल्याला टाळ्यांचं वावडं आहे,” सर म्हणाले.

निबंध छापायला धाडण्याआधी सरांनी नियमाप्रमाणे प्रयोग दुसऱ्याकडून करून घ्यायचं ठरवलं. नियम चांगला आहे; त्याला नाव ठेवण्यासारखं काही नाही. काम दिलं संपत टिंगरेला. संपत धानोरीचा, घरची शेती होती तिथे आता सोसायट्या उभ्या आहेत आणि भाऊबंद त्यांत पार्किंगवरून भांडतात. हा एकटाच माशांत रमला. मुलगा सरळ, हात स्वच्छ, फक्त सरांसमोर उभा राहिला की घशातून आवाज निघत नसे. काम चालू असेपर्यंत बिलकिसने माशांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असा सरांचा हुकूम होता. तिने तो पाळला.

आणि संपतच्या माशांचे डोळे निघाले टवटवीत. सगळ्यांचे.

तीन शहरांत टाळ्या घेऊन झालेल्या माणसाची अशा वेळी पंचाईत होते. चूक कुणाच्या तरी नावे टाकावीच लागते, आणि स्वतःच्या नावे टाकायची सवय हाताला नसते. बिलकिस उपमा तसाच टाकून सरांच्या खोलीत गेली.

“सर, मेल पाठवण्याआधी मला एकदा विचारलं असतंत तर?”

“काय विचारणार? ‘आपण नोंदी बनवल्यात का?’ असं? आणि आपण ‘हो’ म्हणाला असता?” सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “मी आरोप केलेला नाही. शंकेला जागा आहे म्हटलं. मराठीत दोन्ही वेगळं आहे.”

“तीन ठिकाणी व्याख्यान दिलंत तेव्हा ही जागा कुठे होती?”

“तेव्हा माझा आपल्यावर विश्वास होता.”

“सगळी चित्रं तुमच्याकडे आहेत. डोळ्याचा प्रत्येक काप तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघितलाय.”

“चित्रं काय, लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा सगळे हसतच असतात. गुरुवारी समितीपुढे बोला. जाताना दार ओढून घ्या. एसी चालू आहे.”

दार तिने ओढलं. असं ओढलं की शेजारच्या खोलीतला क्लार्क बाहेर येऊन पाहून गेला.

घरी विश्रांतवाडीला पोचेपर्यंत तिने मनात सरांना निदान वीस वेगवेगळी उत्तरं देऊन टाकली होती. खरं भांडण झाल्यावर सुचतात ती सगळी. अमिनाबींनी, म्हणजे तिच्या आईने, तिच्या चपला काढण्याच्या आवाजावरूनच ओळखलं. अत्तारांच्या घरात बोलणं दखनीत चाले. पण अमिनाबींचं बालपण नारायण पेठेत गेलेलं, आणि रागवायचं असलं की त्या मराठीवर येत. भांडायला तेवढी तयार भाषा दुसरी नाही, असं त्यांचं मत होतं.

“कोण काय म्हणालं?” त्यांनी थेट मराठीतच विचारलं.

बिलकिसने सांगितलं. अमिनाबींनी लाटणं बाजूला ठेवलं.

“खोटारडी म्हणाला?”

“तसं म्हणाले नाहीत अम्मी. जागा आहे म्हणाले.”

“तेच ते. आमच्या वाड्यात एक काकू होत्या. कुणाची वाटी हरवली की म्हणायच्या, मी कुणाचं नाव घेत नाही, पण दुपारी कोण आलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी जाणारी मी. वाटी त्यांच्याच पिठाच्या डब्यात निघाली.”

“मग त्या काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? हसल्या. म्हणाल्या, अगं बाई, माझीच मेली आठवण! सगळे हसले. मीही हसले.” अमिनाबींनी पुन्हा लाटणं घेतलं. “चाळीस वर्षं झाली. त्या दिवशी का हसले, म्हणून अजून हात शिवशिवतात. जेव आता.”

बुधवारी दुपारी बिलकिसने संपतला सूक्ष्मदर्शकापाशी गाठलं. प्रयोग संपला होता, बंदीही संपली होती.

“तुझे काप दाखव. सगळे. साध्या माशांचेसुद्धा.”

“घे की. मी तुझ्याविरुद्ध काही बोललो नाही, बिलकिस. सरांनी विचारलं डोळे कसे हायेत, मी म्हटलं चांगले हायेत. आता चांगल्याला वाईट कसं म्हणू?”

“तुला कुणी वाईट म्हणायला सांगितलं? सरक.”

ती पाहत बसली. आधी बिघाड केलेल्या माशा: डोळे सुरेख. मग तुलनेला ठेवलेल्या साध्या माशा: डोळे सुरेख. तिने परत पहिल्या पाहिल्या, परत दुसऱ्या. संपत मागे उभा राहून नखं खात होता.

या प्रयोगातल्या सगळ्याच माशांचे, साध्यांचेसुद्धा, डोळे पांढरे असतात. उजेड अडवणारा रंगच त्यांच्यात नसतो. त्यामुळे काहीही बिघाड न केलेल्या साध्या माशीचेही डोळे काही आठवडे उजेडात राहिले की कडेने थोडे खरवडल्यासारखे होतात. बिलकिसच्या पहिल्या प्रयोगात प्रत्येक साध्या माशीत ती खरवड होती. संपतच्या माशांत ती नावालाही नव्हती. दुकानातून आणून कागदातून सोडवलेल्या नव्या चपलेच्या तळव्यासारखे कोरे डोळे.

“संपत,” ती हळूच म्हणाली, “हे डोळे वापरलेलेच नाहीत.”

“म्हणजे?”

“या माशांनी दिवस पाहिलेला नाही. एकही.”

“कसं शक्य हाय? बारा तासांचं टायमर हाय की त्या खोलीत!”

त्या खोलीची गोष्ट अशी. माशा ठेवायच्या खास कपाटातला दिवा कधीचा गेलेला, नवीन खरेदी विभागात अडकलेला. म्हणून बिलकिसने जिन्याजवळची एक छोटी स्टोअररूम घेतली होती. तिला माशांचे डोळे उजेडात राबून झाल्या झाल्या तपासायचे होते, आणि तेही सकाळी कामाच्या वेळेत. म्हणून तिने माशांचं दिवस-रात्र उलटं केलं. ट्यूबलाइटला टायमर लावला: संध्याकाळी सातला लागणार, सकाळी सातला जाणार. माणसं कामावर असतात तेव्हा माशांची रात्र. त्या वेळात आत जायचं तर तांबडा दिवा लावायचा, कारण तांबडा उजेड माशीला जवळजवळ दिसत नाही.

“तू त्या खोलीत ट्यूब लागलेली कधी पाहिलीस?” तिने विचारलं.

“मी कशी पाहणार? मी नऊला येतो, सहाला निघतो. माझ्या वेळात तिथं अंधारच पाहिजे ना?”

“आणि दारावरची पाटी? ‘आत उलटा दिवस आहे, दिवा बंद करू नये’?”

संपतने आठवून पाहिलं. “ती नाही दिसली बऱ्याच दिवसांत. मला वाटलं तूच काढली. मला ठाऊक होतं, म्हणून मी काही...” तो थांबला. दोघं उठले आणि जिन्याकडे गेले.

दारावर पाटीच्या जागी चिकटपट्टीचे चार तुकडे होते. त्यांच्या मधोमध नवी, छापील, सहीची: ‘शेवटी जाणाऱ्याने दिवे व पंखे बंद करावेत.’ आत तांबड्या दिव्याच्या उजेडात बिलकिसने ट्यूबचं बटण पाहिलं. ते बंद होतं. टायमर बिचारा इमानाने संध्याकाळ-सकाळ टिकटिकत होता, पण बटणच बंद, तर तो कुणाला उठवणार? आणि हे एकदाच घडणं पुरेसं होतं. प्रयोगाच्या पहिल्याच संध्याकाळी एक बोट. त्यानंतर दिवसा खोली अंधारी, ती ठरल्याप्रमाणेच. आणि रात्री अंधारी, ती पाहायला कुणी नाही.

बिलकिसने बटण चालू केलं आणि दार लावून घेतलं.

“कोण असेल गं?” संपतने विचारलं, उत्तर त्याला ठाऊक असल्यासारखा त्याचा चेहरा उतरला होता.

“आज थांब. सातनंतर कळेल.”

सात वाजता दाराखालच्या फटीतून पांढरी रेघ आली. थोड्या वेळाने मजल्याच्या टोकाला सरांच्या खोलीचं कुलूप वाजलं. पिण्याच्या पाण्याच्या मशीनशी हे दोघं उभे. रिसबूड सर खांद्याला शबनम, हातात छत्री, अशी फेरी काढत आले. झेरॉक्सच्या खोलीचा दिवा घालवला. मग जिन्याजवळ थबकले, फट पाहिली, जिभेने ‘च्च’ केलं, दार उघडलं, आत हात घातला आणि टक्.

बाहेर येऊन, पाटीवरच्या हुकमाप्रमाणे, त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे बिलकिस उभी.

“सर, काय केलंत?”

“दिवा बंद केला. रिकाम्या खोलीत ट्यूब जळतेय. शेवटी कोण गेलं इथून?”

“खोली रिकामी नाही. आत माशा आहेत.”

“माशा वाचत बसल्या होत्या?”

“त्यांची सकाळ आत्ता झाली होती. तुम्ही मावळवलीत.”

सरांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

“दारावर पाटी होती, सर. स्पष्ट लिहिलं होतं.”

“ती मीच काढली. पाटीला कार्यालयाची परवानगी नव्हती. शिवाय उलटा दिवस! असा काही शब्दप्रयोग आहे का? मला वाटलं कुणाचा तरी विनोद.” आणि मग, अर्ध्या वाक्यात, त्यांचं बोलणं बंद पडलं.

इथे रिसबूड सरांच्या जमेची बाजूही मांडायला हवी. माणूस कवडीचुंबक, हेकट, आढ्यताखोर. पण डोकं पहिल्या प्रतीचं. बटणावरून माशीपर्यंत आणि माशीवरून पेशीपर्यंत ते तिथल्या तिथे, छत्री हातात धरून, जाऊन पोचले.

“पहिल्या वेळी मी परदेशी होतो. म्हणजे या वेळी संपतच्या माशा सबंध काळ अंधारात होत्या,” ते स्वतःशीच म्हणाले. “आधारपेशींची सोय बंद, तरी चेतापेशी जगल्या. का? कारण काम नाही. काम नाही तर भूक नाही. भूक नाही तर वाढणाऱ्याची गरज काय?” त्यांचा चेहरा उजळला, त्याला मात्र बटण नव्हतं. “अत्तारबाई, हे तर आपल्या मूळ निष्कर्षाहून मोठं आहे! आधार लागतो तो राबणाऱ्याला!”

“दुपारीच लक्षात आलंय माझ्या.”

“उत्तम. मग उद्या आपण समितीला सांगू की दोन गट होते. एक उजेडाचा, एक अंधाराचा. अंधाराचा गट मुद्दाम योजला. निबंधात आपलं नाव पहिलं, संपतचं दुसरं. काय संपतराव?”

संपत मशीनकडे वळून पेल्यात पाणी भरू लागला.

“आणि मेल?” बिलकिसने विचारलं.

“मेलचं काय? गैरसमज झाला म्हणू.”

“कुणाचा?”

“सगळ्यांचाच थोडा थोडा.”

“माझा नाही झाला. संपतचा नाही झाला. मुद्दाम योजला म्हणायचं, म्हणजे नोंदीत खोटं लिहायचं. ज्या गोष्टीचा माझ्यावर संशय घेतलात, ती आता मी खरंच करू?”

“अहो, आपण फार ताणता,” सर म्हणाले आणि छत्री टेकत जिना उतरून गेले. खालच्या मजल्यावरचा दिवा जाताना घालवलाच.

संपत पाण्याचा पेला धरून उभा होता. “पहिलं नाव देतायत,” तो म्हणाला. “घेऊन टाक की. भांडून काय मिळणार हाय?”

“घेऊन टाकू? माझंच नाव, माझ्याच कामावर, मला बक्षीस म्हणून?” बिलकिसने पुन्हा आत जाऊन बटण चालू केलं.

गुरुवारची बैठक तिसऱ्या मजल्यावर होती. समितीच्या अध्यक्ष डॉ. आनंदी खांबेटे, बारीक केस कापलेल्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर ऐकावं लागे अशा. शेजारी आणखी दोन सदस्य, आणि कोपऱ्यात काप घेऊन संपत. बिलकिस बोलायला उठणार तोच सर उठले.

“अध्यक्षबाई, आधी मला एक कबुली द्यायची आहे. गुन्हेगार सापडला आहे. तो मी.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. संध्याकाळची फेरी, दाराखालची फट, स्वतःचीच पाटी, टक्. मुद्दाम योजल्याचं नाव काढलं नाही. खरं तेच सांगितलं, आणि असं रंगवून सांगितलं की काही विचारू नका. “सदाशिव पेठेतला माणूस माशांनासुद्धा फुकट उजेड देत नाही, हे सिद्ध झालं,” म्हणाले, तेव्हा एक सदस्य टेबलावर हात मारून हसले. दुसरे म्हणाले, “रिसबूड, ही गोष्ट तुम्ही प्रत्येक व्याख्यानात सांगितली पाहिजे. चूक कबूल करायला मोठेपणा लागतो.”

“छे, छे,” सर म्हणाले आणि खाली बसले. चेहऱ्यावर टाळीचं तेज.

बिलकिस हे पाहत होती. जमाखर्च तिच्या डोळ्यांसमोर मांडला जात होता. दिवा सरांनी घालवला, त्याबद्दल गंमत त्यांच्या जमेला. चूक मान्य केली, त्याबद्दल मोठेपणा त्यांच्या जमेला. पुढे व्याख्यानांत सांगायला किस्सा, तोही जमेलाच. आणि जी संशयाची ओळ या खोलीतल्या प्रत्येकाच्या संगणकात पडून होती, ती कुणाच्याच नावे नव्हती. ती हसण्यात वाहून गेली होती, आणि आता कुणी तिला हात लावणार नव्हतं. सगळे तिच्याकडे हसून पाहत होते. तीही हसेल म्हणून वाट पाहत होते. हसणं सोपं होतं. ओठ जवळजवळ हलले होते.

“मला हसू येत नाही,” ती म्हणाली.

टेबलावरचा हात टेबलावरच राहिला.

“मंगळवारी तुम्हा सगळ्यांना एक मेल आली. मी वाचते.” तिने फोन काढून ती अख्खी वाचली. ‘खरेपणाविषयी’ या शब्दावर तिचा आवाज चिरकला, तशी तिने तो शब्द परत, नीट वाचला. “दिवा चुकून जातो. त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. माझ्याही हातून जाईल. पण दिवा तपासायच्या आधी माझा खरेपणा तपासावासा वाटला, हे चुकून झालेलं नाही. बटण पाहायला जिन्यापर्यंत जावं लागलं असतं. मला खोटी ठरवायला खुर्चीतून उठावंसुद्धा लागलं नाही.”

“अत्तारबाई, मी आत्ता सर्वांसमोर मान्य केलं ना?” सर म्हणाले.

“दिव्याचं केलंत, सर. माझं नाही केलंत.”

डॉ. खांबेटेंनी स्वतःसमोरचा लॅपटॉप सरकवून रिसबूड सरांपुढे ठेवला.

“मेल तुमच्या खात्यावरून गेली होती, वामनराव. उघडा तुमचं खातं. आता इथेच उत्तर लिहा, त्याच सगळ्यांना. तोवर बैठक पुढे जाणार नाही.”

“बाई, संध्याकाळपर्यंत सविस्तर–”

“संध्याकाळी तुम्ही दिवे घालवण्यात असता.”

या वेळी कुणी हसलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. सर लिहायला बसले. एरवी दोन ओळींत पाटी करणारा माणूस. आज कितीतरी वेळ बोटं कळफलकावर नुसती टेकून होती. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं: “दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी खोलीतला दिवा माझ्या हातून बंद राहिल्याने निकाल वेगळा आला. कु. अत्तार यांच्या नोंदी बिनचूक आहेत.” त्यांनी वर पाहिलं. “ठीक?”

“दिवा कुणी घालवला ते आलं,” बिलकिस म्हणाली. “शंका कुणी घेतली, ते नाही आलं. आणि ती घ्यायला कारण नव्हतं, हेही नाही आलं.”

सरांनी खांबेटेंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. सरांनी संपतकडे पाहिलं. तो कोपऱ्यात काप सांभाळत उभा होता. आणि काय झालं कोण जाणे, संपतच्या घशातून आवाज निघाला. “बरोबर हाय तिचं, सर.”

सरांचे कान लाल झाले. पण त्यांनी लिहिलं: “त्यांच्या खरेपणाविषयी शंका मी घेतली होती. तिला कोणताही आधार नव्हता. मी ती मागे घेतो.” बटण दाबलं. टेबलाभोवतीचे फोन एकेक करून वाजले. बिलकिसने आपला उघडून मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, खालची सही वाचली, आणि फोन ठेवून दिला.

“समाधान झालं?” डॉ. खांबेटेंनी विचारलं.

“नाही, बाई.”

“मलाही वाटलं नव्हतं होईल. काम दाखवता?”

बिलकिसने पडद्यावर दोन चित्रं लावली. दोन्ही एकाच जातीच्या माशीची, दोघींच्याही आधारपेशींत तोच बिघाड. एकीत चेतापेशींच्या जुड्या विसकटून भोकं पडलेली. दुसरीत भरगच्च, गोल, जागच्या जागी.

“डावीकडचा डोळा उजेडात राबलेला आहे,” तिने सुरुवात केली. आवाज अजून तापलेलाच होता, आणि तो निवायची वाट न पाहता ती बोलत राहिली.